प्रिंटरच्या सर्टिफिकेटची मुदत संपते तेव्हा

मागच्या वर्षी अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात आमच्या विभागातला प्रिंटर अचानक छापेनासा झाला. कागद होता, टोनर होता, दिवाही हिरवा होता. पण लॅबमधल्या कुठल्याही मशीनवरून प्रिंट दिली की ती रांगेत अडकून बसायची. मी तेव्हा मावसबहिणीच्या लग्नाला गावी होतो आणि फोन मांडवात कुणाच्या तरी पिशवीत होता. साडेदहाला पेपर आणि दहा वाजले तरी प्रश्नपत्रिका छापलेली नाही. शेवटी कुणीतरी प्रिंटर "जुन्या पद्धतीने" जोडला, प्रती निघाल्या, परीक्षा वेळेवर झाली. मी परत आल्यावर लॅब असिस्टंट काका एवढंच म्हणाले, "तो प्रिंटर बिघडला होता, केला ठीक."

पाच महिन्यांनी भलतंच काहीतरी तपासताना माझ्या लक्षात आलं की प्रिंटर बिघडलाच नव्हता. वर्षभरापूर्वी मीच त्यावर बसवलेल्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत त्या सकाळी संपली होती. आणि "ठीक केला" म्हणजे ती सगळी सुरक्षा बाजूला ठेवून जुनी उघडी वाट वापरात आणली होती. त्या पाच महिन्यांतल्या प्रश्नपत्रिका, शिफारसपत्रं, तोंडी परीक्षेचे गुण, सगळं नेटवर्कवरून उघडंच गेलं. कुणी पाहिलं असतं तरी आम्हाला कळलं नसतं.

पेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण मला विचारतात, की संशोधनाचा प्रश्न सापडतो कसा? माझा असा सापडला. म्हणून आज प्रिंटरवरच्या सर्टिफिकेटबद्दल सविस्तर लिहितोय.

सर्टिफिकेट नेमकं काय सांगतं?

दाखल्यांशी आपला सगळ्यांचा संबंध आलेला आहे, तिथूनच सुरुवात करू. समजा तुम्ही साध्या कागदावर लिहून दिलंत की "माझं उत्पन्न अमुक आहे", आणि खाली स्वतःच सही केलीत. ही झाली स्वयंघोषणा. तेच तहसीलदारांच्या सहीने आलं की तो दाखला. माहिती तीच असेल, पण समोरचा माणूस तुम्हाला ओळखत नसला तरी तहसीलदारांच्या सहीला ओळखतो. दाखल्यावर नाव असतं, सही असते आणि मुदत असते. मुदत संपली की दाखला खरा असूनही खिडकीवर चालत नाही.

डिजिटल सर्टिफिकेटमध्ये याच गोष्टी असतात. त्याचा साचा एक्स.५०९ या नावाने ओळखला जातो आणि तो पहिल्यांदा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उपकरणाचं नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, कधीपासून कधीपर्यंत वैध ते, आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेची सही असते. या संस्थेला सीए म्हणतात. सार्वजनिक किल्लीची जोडीदार असलेली खासगी किल्ली मात्र उपकरणाच्या पोटात राहते, ती कुणाला द्यायची नसते.

नवा प्रिंटर खोक्यातून काढून नेटवर्कला जोडला की बहुतेक वेळा तो स्वतःच एक सर्टिफिकेट तयार करतो आणि त्यावर स्वतःच सही करतो. यालाच सेल्फ-साइन्ड म्हणतात, म्हणजे आपली स्वयंघोषणा. म्हणून प्रिंटरचं सेटिंगचं पान ब्राउझरमध्ये उघडलं की "तुमचं कनेक्शन खासगी नाही" असा मोठा इशारा येतो. आपण काय करतो? खालचं "अॅडव्हान्स्ड" दाबतो आणि पुढे जातो.

इथे एक गैरसमज दूर करू. सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट असलं तरी माहिती कूटबद्ध होऊनच जाते. अडचण अशी, की ती नेमकी कुणाकडे जाते हे कळत नाही. मध्ये कुणी दुसरंच मशीन "मीच प्रिंटर" म्हणून उभं राहिलं, तर त्याच्याशीही आपलं बोलणं तितकंच छान कूटबद्ध होईल. आणि आपल्याला इशारा तोच दिसेल, जो आपण रोज बघून पुढे जातो.

हे "पुढे जाणं" मोजलं गेलंय. देवदत्त आखवे आणि एड्रिएन पोर्टर फेल्ट यांनी २०१३ मध्ये यूझेनिक्स सिक्युरिटी परिषदेत एक अभ्यास मांडला. क्रोम आणि फायरफॉक्समध्ये प्रत्यक्ष वापरकर्त्यांना दिसलेले अडीच कोटींहून जास्त इशारे त्यांनी पाहिले. सर्टिफिकेटचा इशारा आल्यावर क्रोममध्ये ७०.२ टक्के वेळा लोक पुढे गेले, फायरफॉक्समध्ये ३३ टक्के वेळा. इशारा एकाच प्रकारचा, तरी आकड्यांत दुपटीहून जास्त फरक. म्हणजे लोक बेफिकीर असतात एवढं म्हणून भागत नाही, इशारा कसा मांडला आहे यानेही फरक पडतो. शोधनिबंध वाचताना असा फरक दिसला की थांबायचं. बऱ्याचदा पुढचा प्रश्न तिथेच असतो.

प्रिंट कुठल्या वाटेने जाते?

सर्टिफिकेट बसवलं, ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह आलं, म्हणजे प्रिंट सुरक्षित झाली असं मलाही वाटायचं. तसं नसतं. प्रिंटरपर्यंत जायच्या वाटा अनेक असतात.

पोर्ट ९१०० ही सगळ्यात साधी वाट. या पोर्टवर पाठवलेलं प्रिंटर सरळ छापतो. ओळख नाही, कूटबद्धता नाही. ५१५ वरची एलपीडी ही त्याहून जुनी वाट, तिचं वर्णन १९९० च्या आरएफसी ११७९ मध्ये आहे. तिसरी वाट म्हणजे आयपीपी, पोर्ट ६३१. तिचं टीएलएसमधून जाणारं रूप म्हणजे आयपीपीएस, ते २०१५ च्या आरएफसी ७४७२ मध्ये सांगितलं आहे. सर्टिफिकेटचा उपयोग छापताना होतो तो इथे.

म्हणजे सेटिंगच्या पानाला कुलूप आहे, पण लॅबमधली मशीन ९१०० वरून छापताहेत, असं आरामात होऊ शकतं. पुढच्या दाराला भक्कम कडी आणि मागचं दार सताड उघडं. आमच्याकडे त्या पाच महिन्यांत नेमकं हेच होतं.

खात्री करायला मी मॅडमची लेखी परवानगी घेतली आणि माझ्याच लॅपटॉपवरून एक चाचणी पान ९१०० वरून पाठवलं. पाठवताना त्याच लॅपटॉपवर वायरशार्क चालू ठेवलं होतं. सुरुवातीच्या ओळींत माझं यूजरनेम आणि फाइलचं नाव साध्या अक्षरांत दिसलं. पुढचा सगळा मजकूर पोस्टस्क्रिप्टमध्ये होता. तो फाइलमध्ये साठवून घोस्टस्क्रिप्टने उघडला, तर अख्खं पान जसंच्या तसं समोर.

"पण सर, स्विच असेल तर दुसऱ्याचं पॅकेट आपल्याला दिसतच नाही ना?" असा प्रश्न एका ज्युनिअरने विचारला. बरोबर आहे, आपोआप दिसत नाही. पण त्याच नेटवर्कवरचा माणूस एआरपी स्पूफिंग करून ती वाहतूक स्वतःकडून वळवू शकतो. टीएलएस आणि खरं सर्टिफिकेट असेल तर वळवूनही त्याच्या हाती काही लागत नाही.

ही भीती कल्पनेतली नाही. जर्मनीतल्या बोखुम इथल्या रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आयट्रिपलईच्या सिक्युरिटी अँड प्रायव्हसी परिषदेत नेटवर्क प्रिंटरवरचा अभ्यास मांडला. त्यांनी २० प्रिंटर तपासले. तपासलेल्या हल्ल्यांपैकी किमान एक तरी प्रत्येक प्रिंटरवर चालला. त्यासाठी त्यांनी प्रेट नावाचं साधन बनवलं आणि सगळ्यांसाठी खुलं केलं.

नीट बसवायचं तर

क्रमाने सांगतो.

पहिलं, नाव. प्रिंटरला स्थिर आयपी अॅड्रेस आणि संस्थेच्या डोमेनमधलं नाव द्या. लोक ज्या नावाने प्रिंटर जोडतात, तेच नाव सर्टिफिकेटवर हवं. मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. इथेही तेच होतं.

दुसरं, घड्याळ. प्रिंटरमधली बॅटरी गेली की तारीख काही वर्षं मागे जाऊ शकते. स्कॅन करून ईमेल पाठवताना प्रिंटर स्वतः मेल सर्व्हरचं सर्टिफिकेट तपासत असतो. तारीख चुकली तर चांगलं सर्टिफिकेटही तो नाकारतो. त्यामुळे आधी घड्याळ एनटीपी सर्व्हरला जोडून घ्यायचं.

तिसरं, अर्ज. प्रिंटरच्या सेटिंगमध्ये सीएसआर तयार करायची सोय असते. सीएसआर म्हणजे सर्टिफिकेटसाठीचा अर्ज. किल्लीची जोडी प्रिंटरमध्ये तयार होते, आणि नाव व सार्वजनिक किल्ली एवढंच अर्जातून बाहेर येतं.

चौथं, सही कुणाची? सार्वजनिक सीए खासगी आयपी अॅड्रेसला किंवा फक्त आतल्या नेटवर्कवर चालणाऱ्या नावाला सर्टिफिकेट देत नाहीत, तो नियम २०१५ पासून लागू आहे. संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर डीएनएसमध्ये नोंद करून सार्वजनिक सर्टिफिकेट मिळवता येतं. नाहीतर संस्थेने स्वतःचा सीए उभारायचा आणि त्याचं मूळ सर्टिफिकेट सगळ्या मशीनवर विश्वासू म्हणून बसवायचं. मी हाच मार्ग घेतला.

पण यात जबाबदारी मोठी असते. मूळ सीएची खासगी किल्ली ज्याच्या हातात, तो त्या मशीनपुरता कुठल्याही वेबसाइटच्या नावाने सर्टिफिकेट काढू शकतो. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या डोमेनसाठी परवानगीशिवाय दिलेली सर्टिफिकेटं उघडकीला आली. ती भारताच्या सीसीएच्या छत्राखालच्या एनआयसीच्या सीएमधून निघाली होती, आणि सीसीएने एनआयसीची ती सर्टिफिकेटं रद्द केली. देशपातळीवर असं होऊ शकतं, तर कपाटावरच्या जुन्या डेस्कटॉपमध्ये ठेवलेल्या सीएचं काय सांगावं! मूळ किल्ली नेटवर्कपासून दूर, बंद कपाटातल्या पेन ड्राइव्हवर कूटबद्ध करून ठेवा.

पाचवं, बसवून झालं की ९१०० आणि ५१५ प्रिंटरवरच बंद करा, आणि प्रत्येक मशीन आयपीपीएसने जोडा. सहावं, मशीनवर सर्टिफिकेटची तपासणी खरंच होते का ते बघा. लिनक्सवर छपाई सांभाळणारं कप्स मूळ सेटिंगमध्ये पहिल्यांदा दिसलेल्या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवतं. ती सवय सेटिंगमधून मुद्दाम बंद करावी लागते.

किल्ली कुठे जन्मावी?

वरच्या तिसऱ्या पायरीत मी सहज म्हणून गेलो की किल्ली प्रिंटरमध्येच तयार होते. ते चांगलंच, कारण ती बाहेर येत नाही. दुसरा मार्ग म्हणजे किल्ली लॅपटॉपवर बनवायची आणि सर्टिफिकेटसकट एका फाइलमधून प्रिंटरवर चढवायची. मग ती फाइल डाउनलोड्समध्ये वर्षानुवर्षं पडून राहते, हे आपण जाणतोच.

पण २०१२ चा एक शोधनिबंध वाचला आणि माझी ही खात्री हलली. नादिया हेनिंजर, झाकिर दुरुमेरिक, एरिक वुस्ट्रो आणि अॅलेक्स हाल्डरमन यांनी इंटरनेटवरच्या उपकरणांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या. आरएसएची किल्ली म्हणजे दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार. तो फोडणं अवघड असतं. पण दोन उपकरणांनी चुकून एक मूळ संख्या सारखीच निवडली तर? छोट्या आकड्यांत बघा. एकाची किल्ली ९१, दुसऱ्याची १३३. दोन्हींचा मसावि काढा, ७ येतो. झालं, ९१ म्हणजे ७ गुणिले १३ आणि १३३ म्हणजे ७ गुणिले १९. शाळेतल्या मसाविने दोन्ही किल्ल्या फुटल्या.

या युक्तीने त्यांना टीएलएस वापरणाऱ्या ०.५० टक्के उपकरणांच्या खासगी किल्ल्या मिळाल्या. जवळजवळ सगळी उपकरणं कीबोर्ड-स्क्रीन नसलेली, राउटरसारखी छोटी यंत्रं होती. अशी यंत्रं नुकतीच चालू झालेली असताना त्यांच्याकडे पुरेसा यादृच्छिकपणा जमलेला नसतो, आणि नेमकी तेव्हाच ती किल्ली बनवतात. त्यानंतर लिनक्स कर्नलमध्ये सुधारणा झाल्या. पण कपाटामागे दहा-बारा वर्षं चालणारे प्रिंटर अजून आहेत.

म्हणजे किल्ली प्रिंटरमध्ये बनवली तर ती कच्ची असायची भीती, आणि बाहेर बनवली तर सांडायची भीती. जुन्या प्रिंटरसाठी मी किल्ली बाहेर बनवतो आणि चढवल्यावर फाइल पुसतो. नव्यांसाठी प्रिंटरमध्येच, पण तो चालू करून थोडा वेळ वापरल्यावर. असा निर्णय घेताना त्यामागचं कारण लिहून ठेवायची सवय लावून घ्या. प्रबंधात त्या टिपणांचा एक परिच्छेद होतो.

मुदतीचं गणित

आता मूळ दुखण्याकडे येऊ. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत सतत घटते आहे. सप्टेंबर २०२० पासून ती ३९८ दिवस होती. सीए आणि ब्राउझर कंपन्यांच्या फोरमने एप्रिल २०२५ मध्ये नवं वेळापत्रक मंजूर केलं. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. कारण रास्त आहे. किल्ली चोरीला गेली तरी चोराला ती कमी दिवस वापरता येते.

एक हिशोब करू. समजा एका संस्थेत ६० प्रिंटर आहेत, सगळ्यांवर सार्वजनिक सर्टिफिकेट आहे आणि हाताने नूतनीकरण करायला प्रत्येकी १५ मिनिटं लागतात. ३९८ दिवसांच्या मुदतीत वर्षाला साधारण ५५ नूतनीकरणं, म्हणजे १४ तास. ४७ दिवसांच्या मुदतीत साधारण ४६६ नूतनीकरणं, म्हणजे जवळपास ११६ तास. हे काम आमच्या काकांच्या माथी मारलं तर काय होईल? ते ९१०० चालू करतील, आणि त्यांचं फारसं चुकलं असंही म्हणता येणार नाही.

उपाय म्हणून स्वयंचलित नूतनीकरणाच्या पद्धती आहेत. २०१३ ची ईएसटी, २०१९ मध्ये आरएफसी ८५५५ म्हणून आलेली अॅकमे, आणि बऱ्याच जुन्या वापरानंतर २०२० मध्ये आरएफसी झालेली स्केप. वेब सर्व्हरवर अॅकमेने हे काम सोपं केलं, कारण सर्व्हरवर आपण हवा तो प्रोग्राम टाकू शकतो. प्रिंटरवर तसं करता येत नाही. कंपनीने फर्मवेअरमध्ये जे दिलं, तेवढंच. स्वतःच्या सीएला ही ४७ दिवसांची अट लागू नाही, त्यामुळे तिथे मोठी मुदत ठेवता येते. पण मुदत मोठी ठेवली की ती संपायची तारीख सगळ्यांच्या विस्मरणात जाते. माझ्या ३६५ दिवसांचं तेच झालं.

यातून प्रश्न कसा काढला

मी पहिला मसुदा मॅडमकडे नेला, तेव्हा शीर्षक होतं "नेटवर्क प्रिंटरची सुरक्षा". मॅडमनी त्याला लाल पेनने गोल केला आणि विचारलं, "म्हणजे काय मोजणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी परीक्षेच्या सकाळची हकिकत सांगितली. त्या म्हणाल्या, "मुदत संपल्यावर पहिल्या तासात माणसं काय करतात, हे कुणी पाहिलंय का?"

त्यातून तीन प्रश्न निघाले. मुदत संपल्यावर सांभाळणारे लोक सर्टिफिकेट बदलतात की सुरक्षा बंद करतात? हे मुलाखतींनी कळेल. एका संस्थेतल्या किती प्रिंटरमध्ये स्वयंचलित नूतनीकरणाची सोय आहे? ही यादी करून मोजता येईल. आणि मुदत संपण्याआधीची सूचना एका माणसाला गेली की गटाच्या ईमेलवर गेली, याने फरक पडतो का? त्यासाठी प्रयोग मांडावा लागेल. विषय एकच, पण तीन पद्धती. संशोधन पद्धतीच्या पेपरला जे पाठ करता, ते इथे कामाला येतं.

एक सूचना कळकळीने. दुसऱ्याच्या नेटवर्कवर परवानगीशिवाय स्कॅन करू नका, प्रेट तर नाहीच. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये अनधिकृत प्रवेश येतो, आणि "संशोधनासाठी केलं" एवढं सांगून सुटका होत नाही. आधी लेखी परवानगी, मगच वायरशार्क.

आमच्या प्रिंटरचं पुढे काय झालं? ९१०० बंद केलं. अडचणीच्या वेळेसाठी परीक्षा विभागाच्या मशीनला यूएसबी केबल लावून ठेवली, म्हणजे घाईतही प्रश्नपत्रिका नेटवर्कवर जात नाही. मुदतीची आठवण ४५ आणि १५ दिवस आधी तीन जणांना जाते. प्रिंटर भंगारात किंवा भाड्याने देणाऱ्याकडे परत जाताना सर्टिफिकेट रद्द करून फॅक्टरी रिसेट करायचं, हेही लिहून ठेवलं. नूतनीकरणाच्या पायऱ्या मराठीत एका कागदावर छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या.

मागच्या महिन्यात मी एका परिषदेला गेलो असताना आठवण आली आणि काकांनी कागद बघून एकट्याने नवं सर्टिफिकेट बसवलं. वीस मिनिटं लागली. संध्याकाळी त्यांचा फोन आला. "झालं सगळं. पण तुमच्या कागदावर सहावी पायरी पाचवीच्या आधी हवी. मी पेनने दुरुस्त करून ठेवलीये." परत आल्यावर मी नवा कागद छापला, त्याच प्रिंटरवर.